वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू जीवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन्ही रोगांवर माणसांत वापरता येतील अशा प्रतिबंधक लशी त्यांनी तयार केल्या आणि भारतात त्यांच्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेतल्या. प्लेगची लस त्यांनी १८९६-९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली व तिचा पहिला मानवी प्रयोग स्वतःवर केला. परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे ते संस्थापक संचालक होते. ही संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. पंजाबातील मुलकोवाल गावी १९०२ साली लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, तेव्हा त्याचा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यातून मुक्त होण्यास त्यांना सुमारे पाच वर्षे लागली.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसातील विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. मेच्निकॉव्ह यांना पुढे रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर १८८१ मध्ये रशियात ज्यूविरोधी दंगली उसळल्या. त्या वेळी ज्यू वस्तीच्या स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली, मात्र मेच्निकॉव्ह यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली.

विद्यापीठात अध्यापकपद मिळण्यासाठी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारणे हा त्या काळी ज्यूंपुढचा मार्ग होता. हाफकिन यांनी धर्मांतरास नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काही वर्षे काम केले. एकपेशीय जीव हा त्यांचा सुरुवातीचा अभ्यासविषय होता. १८८८ मध्ये ते रशिया सोडून जिनिव्हाला गेले आणि तेथून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेच्निकॉव्ह तेथे आधीच पोहोचले होते. रिकामी असलेली जागा ग्रंथपालाची होती आणि हाफकिन यांनी ती स्वीकारली. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत.

पटकीची लस

त्या काळात पटकीच्या साथी आशिया व युरोपात वारंवार येत होत्या. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जिवाणू ओळखला होता, परंतु त्यावर विश्वासार्ह लस नव्हती. स्पेनमधील हाइमे फेरान यांनी १८८५ मध्ये लस वापरली होती, पण तिच्याबद्दल वैज्ञानिकांत मतभेद होते. हाफकिन यांनी जिवाणूंची मारकता आधी वाढवायची आणि मग तिला आवर घालायचा, असा मार्ग धरला. गिनीपिगच्या उदरपोकळीतून जिवाणू ३९ वेळा एकातून दुसऱ्यात नेऊन त्यांनी अत्यंत मारक असा वंश मिळवला. दुसरा वंश ३९ अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत वाढवून दुर्बल केला. प्रथम दुर्बल वंश आणि काही दिवसांनी मारक वंश, अशी दोन टप्प्यांची लस त्यांनी सिद्ध केली.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण कोणताही गंभीर परिणाम झाला नाही. त्यानंतर काही मित्रांना लस दिल्यावर ३० जुलै रोजी त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडले. लशीचा खरा कस मात्र साथीच्या प्रदेशातच लागणार होता. रशियात तिची चाचणी घेण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांचे लक्ष भारताकडे वळवले.

भारतात आगमन

हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. परका माणूस, परकी सुई आणि जिवंत जिवाणू यांमुळे लोकांत संशय होता. त्यांचा रशियन जन्म आणि वैद्यकीय पदवीचा अभाव यांमुळे ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांतही त्यांच्याविषयी नाखुषी होती. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका बस्तीत पटकी पसरली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत पटकीचे १० रुग्ण आढळले व त्यांपैकी ७ दगावले. हे सर्व रुग्ण लस न घेतलेल्यांतील होते. पुढे आसामच्या चहामळ्यांतील मजुरांनाही लस देण्यात आली. पहिल्या दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचण्यात आली.

एकाच घरातील, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींना लस द्यायची, काहींना द्यायची नाही आणि साथ ओसरल्यावर दोन्ही गटांचे आकडे ताडून पाहायचे, हे हाफकिन यांच्या चाचण्यांचे वैशिष्ट्य होते. गटांची परिस्थिती समान नसेल तर आकडा फसवा ठरतो, याची जाणीव त्यांच्या सर्व अहवालांत दिसते. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपात परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळू लागले. हा प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. लोक हजारोंच्या संख्येने शहर सोडू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस धाडले आणि ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. कामाचा ताण असा होता, की एका सहायकाची मानसिक प्रकृती बिघडली आणि दोघे काम सोडून गेले.

प्लेगचा जिवाणू अलेक्सांद्र यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो पसरतो कसा हे अद्याप ठरले नव्हते. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. तोपर्यंत सरकारी उपाय घरझडती, सक्तीचे विलगीकरण, छावण्या आणि सामानाची जाळपोळ असेच होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा लागू झाला. पुण्यात या उपायांच्या अंमलबजावणीतून असंतोष वाढला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्यावर गोळी झाडली. याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी सुईकडे लोक संशयाने पाहत होते, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

लशीची निर्मिती

पटकीच्या लशीत जिवंत जिवाणू होते. प्लेगच्या बाबतीत तो धोका पत्करण्याजोगा नव्हता, म्हणून हाफकिन यांनी मारलेल्या जिवाणूंची लस करण्याचे ठरवले. जिवाणू वाढवण्यासाठी मांसापासून केलेला पोषक रस्सा लागे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरल्यास हिंदू व मुसलमान दोघांच्याही धार्मिक भावनांना धक्का बसला असता. म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला.

काचेच्या मोठ्या चंबूंतील रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले जात. प्लेगचे जिवाणू या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे त्यांचे धागे रश्शात उतरत. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. अशी वाढ ही प्लेगच्या जिवाणूची ओळख मानली गेली. तिच्यामुळे चंबूत दुसरा एखादा जिवाणू शिरला आहे की नाही, हे तपासणेही सोपे झाले. पाच-सहा आठवड्यांनंतर हा द्रव सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियस तापमानाला तासभर तापवून जिवाणू मारले जात. बाटलीत नंतर दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून त्यात ०.५ टक्के कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. या लहानशा प्रमाणाला पुढे मोठे महत्त्व येणार होते.

डिसेंबर १८९६ मध्ये सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात आलेल्या नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक होते. त्यांना ताप आला व टोचल्या जागी वेदना झाल्या, मात्र काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर कॉलेजातील अनेकांनी स्वेच्छेने लस घेतली.

चाचण्या

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सर्व कैदी एकाच छपराखाली, एकाच अन्नावर राहत असल्याने तुलनेसाठी ही परिस्थिती योग्य होती. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व त्यांपैकी ६ मरण पावले. लस घेतलेल्यांत दोघांना प्लेग झाला, परंतु कोणी दगावले नाही.

त्याच वर्षी पोर्तुगीज अंमलाखालील दमणमध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर निरीक्षण झाले. तेथील लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६, तर लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ जण मृत्युमुखी पडले. टक्केवारीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १.६ आणि २४.६ होते.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी झालेली चाचणी पद्धतीच्या दृष्टीने विशेष मानली जाते. गावातील प्रत्येक कुटुंबात साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. हुबळी व धारवाड भागातही हजारो लोकांनी लस घेतली.

मुंबईत तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी स्वतः लस घेऊन खोजा समाजाला तसे करण्यास प्रवृत्त केले आणि खुश्रू लॉज ही आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी उपलब्ध करून दिली. समाजाच्या प्रमुखाने उघडपणे टोचून घेतल्यामुळे लशीविषयीच्या अफवांना काही प्रमाणात आळा बसला.

या लशीला मर्यादा होत्या. तिने रोगाची शक्यता व मृत्यूचे प्रमाण घटत असे, पण पूर्ण संरक्षण मिळत नसे. संरक्षण काही महिन्यांपुरतेच टिके आणि टोचल्यानंतर अनेकांना ताप येई. सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, मात्र निर्मितीतील प्रमाणीकरणाबाबत काही आक्षेपही नोंदवले.

परळची प्रयोगशाळा

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. मुंबईच्या गव्हर्नरांच्या या जुन्या निवासस्थानात लस बनवण्याची व बाटल्या भरण्याची व्यवस्था उभी राहिली. हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणि परदेशांतूनही येथील लशीला मागणी येऊ लागली.

मुलकोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली व तिच्यासाठी लाखो मात्रांची मागणी केली. जुन्या पद्धतीने इतकी लस वेळेत तयार होणे अशक्य होते. म्हणून हाफकिन यांनी रश्शाऐवजी अगारवर जिवाणू वाढवण्याची जलद पद्धत स्वीकारली. या पद्धतीत लस उष्णतेने निर्जंतुक होत असल्याने त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळले. पाश्चर संस्थेतही केवळ उष्णतेवर विसंबण्याची पद्धत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल (आज पाकिस्तानातील पंजाब) येथे पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली व ते सर्व मरण पावले. या १९ जणांना ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेले ८८ जण सुखरूप राहिले. दूषित बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली होती.

जंतू बाटलीत परळला शिरले की मुलकोवालला, हा कळीचा प्रश्न होता. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत ती दूषित झाली, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याबद्दल हाफकिन यांना दोष दिला. त्यांना संचालकपदावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. त्यांच्या जागी विल्यम बॅनरमन यांची नेमणूक झाली.

दोषमुक्ती

चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा आयोगासमोर आलेली एक महत्त्वाची साक्ष जगापुढे आली. मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता केवळ कार्बोलिकच्या द्रावात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत सर्रास आढळतात आणि त्यांचे बीजाणू अशा द्रावात क्षणभर बुडवल्याने मरत नाहीत.

हाफकिन यांच्या बाजूने आणखी दोन मुद्दे मांडण्यात आले. धनुर्वाताचे जिवाणू ४१ दिवस बाटलीत वाढत राहिले असते, तर लशीला तीव्र दुर्गंधी आली असती. बाटली उघडली तेव्हा मात्र टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी जाणवली नव्हती. तसेच ०.५ टक्के कार्बोलिक आम्ल धनुर्वाताचे बीजाणू मारू शकत नाही. त्यामुळे आम्ल वगळल्याने अपघात झाला, हा तर्कच टिकत नव्हता.

विल्यम सिम्पसन आणि मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण जाहीरपणे लावून धरले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील दोषारोप सिद्ध होत नाही, असे त्यांत नमूद होते. फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर लादलेल्या खोट्या आरोपाच्या संदर्भाने या प्रकरणाला ‘छोटे ड्रायफस प्रकरण’ असे म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीवर घेण्याची तयारी दाखवली.

उत्तरायुष्य

परळचे पद भरलेले असल्याने हाफकिन यांची नेमणूक कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत झाली. तेथे त्यांना माणसांवर लशींच्या चाचण्या घेण्याची मुभा नव्हती. ज्या कामासाठी ते भारतात आले होते, तेच त्यांच्या हातून गेले होते. कलकत्त्यातील वर्षांत त्यांनी फारसे मोठे संशोधन प्रसिद्ध केले नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात परतले.

पुढील काळात त्यांनी ज्यू समाजाच्या प्रश्नांना वाहून घेतले. परंपरानिष्ठ ज्यू धर्माचरणाचे समर्थन करणारा त्यांचा निबंध १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते आजन्म अविवाहित होते. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी स्थापन केलेल्या निधीला दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब दिला. परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये ते बदलून हाफकिन संस्था करण्यात आले. हा बदल त्यांच्या हयातीतच झाला. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेग लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या. प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, हे लक्षात घेता या कामाचे प्रमाण स्पष्ट होते. साहिब सिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांच्या काळात संस्थेत प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर प्लेग बरा करता येणारा रोग ठरला आणि लशीची गरज मागे पडली.

मुलकोवालच्या घटनेनंतर लस किंवा जंतुनाशक यांच्या गुणांइतकीच बाटली उघडण्याची, उपकरणे निर्जंतुक करण्याची आणि प्रत्येक बाटलीची स्वतंत्र नोंद ठेवण्याची शिस्तही महत्त्वाची मानली जाऊ लागली. त्या दिवशीच्या नोंदी ठेवलेल्या होत्या म्हणूनच १९ मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत काढता आला आणि पाच वर्षांनी का होईना, हाफकिन यांच्यावरील डाग पुसता आला.